टाइप वन आणि टाइप टू एरर घरातल्या निर्णयांना लावता येतात का? (आईचा बीपी, भावाचं स्थळ, भाच्याचे मार्क)

क्यूसीवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे लॉट पास का रिजेक्ट हे सँपलवर ठरतं, सगळे पीस कोणी उघडून बघत नाही, ठरलेल्या संख्येचे पीस टेबलावर घ्यायचे, लूप ओढले गेलेत का, डाग आहे का, शिवण सुटली का, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) बसतंय का हे बघायचं आणि ठरलेल्या आकड्याच्या वर दोष निघाले की लॉट परत. ट्रेनिंगमध्ये दोन शब्द शिकवले होते. प्रोड्यूसर्स रिस्क म्हणजे चांगला लॉट उगाच रिजेक्ट होण्याचा धोका आणि कन्झ्यूमर्स रिस्क म्हणजे खराब लॉट पास होऊन बायरपर्यंत जाण्याचा धोका. बीएस्सीला हेच टाइप वन आणि टाइप टू म्हणून होतं, पण तेव्हा ते परीक्षेपुरतं वाचलं.

आता रोज कामात हे वापरते आणि घरी आले की दिसतं की घरात कोणीच असा विचार करत नाही. तीन गोष्टी सांगते.

एक, आईचा बीपी. घरी मशीन आणलंय. संध्याकाळी १५२ आला, वीस मिनिटांनी परत घेतला तर १३८. बाबा म्हणतात मशीनच खराब आहे, भाऊ म्हणतो आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला गोळी वाढवून घेऊ, आई म्हणते मला काही होत नाहीये सोडा विषय. प्रत्येक रीडिंगला हीच चर्चा.

दोन, त्याच भावाचं लग्न. एका भेटीवर निर्णय होतात. मुलगी फार बोलली नाही, नको. दुसरी जास्त बोलली, नको. घरात मोठ्या माणसांना वाटतं की एकदा बघितलं की माणूस कळतो.

तीन, भाचा. घटक चाचणीत मार्क पडले की दाजी ओरडतात, पुढच्या चाचणीत मार्क वाढतात, मग दाजी म्हणतात बघा ओरडल्याशिवाय सुधारत नाही. ताईला हे पटत नाही पण उत्तर देता येत नाही, कारण मार्क खरंच वाढलेले असतात.

मला वाटायलंय की या तिन्ही ठिकाणी चूक एकाच जातीची आहे. कारखान्यात किती दोषांवर रिजेक्ट करायचं हे पीस उघडायच्या आधी लिहिलेलं असतं, घरात आकडा आधी येतो आणि मग ज्याला जे वाटत होतं ते तो त्या आकड्यावरून म्हणतो. हे शास्त्र घरात नीट लावता येतं का, का मी ओढूनताणून लावतेय? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त_संख्याशास्त्र (जुळे सोलापूर)

ताई, ओढूनताणून अजिबात नाही. उलट ही कल्पना जन्मलीच मुळी निर्णय घेण्यासाठी. जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे नीट मांडलं, आणि त्याच्याही आधी १९२९ मध्ये बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत डॉज आणि रोमिग या दोघांनी कारखान्याच्या मालासाठी प्रोड्यूसर्स रिस्क आणि कन्झ्यूमर्स रिस्कची पद्धत बसवली, म्हणजे तुम्ही टेबलावर जे करता त्याच वंशातलं आहे ते.

मी तीसेक वर्षं हे पोरांना शिकवलं, त्यातली एकच गोष्ट लोकांनी घरी न्यावी असं मला मनापासून वाटतं. हातात जेवढी माहिती आहे तेवढ्यावर दोन्ही चुका एकदम कमी करता येत नाहीत. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. तुम्ही कडक झालात की चांगले लॉट परत जायला लागतात, सैल झालात की खराब लॉट सुटतात. दोन्ही एकदम कमी करायचे असतील तर रस्ता एकच, जास्त माहिती गोळा करा किंवा जास्त चांगली माहिती गोळा करा. घरातली बहुतेक भांडणं मी अशी बघितलीत की एक माणूस एका चुकीला घाबरतोय आणि दुसरा दुसऱ्या चुकीला, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला कळत नाही. तुमचा भाऊ आणि आई यांच्यात नेमकं हेच चाललंय. भावाला भीती की खरा आजार सुटेल, आईला भीती की उगाच गोळ्या मागे लागतील. दोघांची भीती खरी आहे.

म्हणून आकडा बघायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, इथे कुठली चूक महाग पडते? आणि याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं हे फार महत्त्वाचं आहे, म्हणजे सगळीकडे सावध राहा असा एक नियम काढता येत नाही. घरात गॅसचा वास आल्यासारखा वाटला, खात्री नाही, तरी रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, कारण खोटा इशारा निघाला तर दहा मिनिटं गेली आणि खरा इशारा सुटला तर घर गेलं. इथे शंभरातले नव्वद इशारे खोटे निघाले तरी चालेल. आता हे बघा, कपाटातली अंगठी सापडत नाही आणि घरात काम करणाऱ्या मावशींवर संशय आला. इथे उलटं आहे. निरपराध बाईवर चोरीचा आळ घेतला तर तिची गल्लीतली सगळी कामं जातात, तिचं नाव जातं, आणि अंगठी नंतर गादीखाली सापडली तरी ते नाव परत येत नाही. इथे पुराव्याची पट्टी खूप वर ठेवायची, त्यापायी एखादी खरी चोरी सुटली तरी सुटू द्यायची. बरीच माणसं मात्र गॅसच्या वासाला 'काही नसेल' म्हणतात आणि मावशींच्या बाबतीत लगेच खात्री धरतात, आणि याचा मला आजही राग येतो.

अजून एक, ०.०५ च्या, म्हणजे टाइप वन चूक विसात एकदा चालेल या पुस्तकी आकड्याच्या, मागे लागू नका. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२५ मध्ये विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे ती पुस्तकांत ठाण मांडून बसली. कारखान्यात तुमचा आकडा बायरशी झालेल्या करारातून येतो, तसा घरात तो नुकसानाच्या हिशोबातून यायला पाहिजे.

कारखान्यात मात्र एक सोय आहे. प्रोड्यूसर आणि कन्झ्यूमर ही दोन वेगळी माणसं असतात, ती आपसात घासाघीस करून आकडा ठरवतात. घरात दोन्ही तुम्हीच. त्यामुळे ही घासाघीस मुद्दाम बसून, शक्यतो चहा घेत, रीडिंग हातात नसताना करावी लागते.

लॅबवाला_सातरस्ता

सर छान लिहिलंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे त्यामुळे बीपी आणि रिपोर्ट यावर बोलतो.

ताई १५२ आणि १३८ यात मशीन खराब असायची गरज नाही. बीपी हा दिवसभर हलणारा आकडा आहे, बोलताना वाढतो, लघवी दाबून धरली असेल तर वाढतो, चहानंतर वाढतो, जिना चढून आल्यावर वाढतो. म्हणून घरी मोजायची पद्धत ठरलेली आहे. चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास थांबायचं, पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. सकाळी दोन रीडिंग एक मिनिटाच्या अंतराने, संध्याकाळी दोन, असे सात दिवस. पहिल्या दिवसाची रीडिंग सोडून द्यायची आणि बाकीच्या सगळ्यांची सरासरी काढायची. ती सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर घरच्या मोजणीप्रमाणे बीपी वाढलेला धरतात, दवाखान्यातल्या मोजणीला ही मर्यादा १४०/९० आहे कारण दवाखान्यात बऱ्याच लोकांचा बीपी तिथल्या ताणानेच थोडा वाढतो. गोळी चालू असेल तर ती नेहमीसारखीच चालू ठेवायची आणि ही सरासरी डॉक्टरांना दाखवायची, डोस वाढवणं कमी करणं हे त्यांचं काम.

यात गणित एवढंच की पहिला दिवस सोडला तर २४ रीडिंग उरतात. एका रीडिंगची हालचाल समजा १० पॉइंटची असली तर २५ च्या आसपास रीडिंगच्या सरासरीची हालचाल २ पॉइंटवर येते, कारण ती वर्गमुळाने कमी होते. प्रत्यक्षात एका बैठकीतली दोन रीडिंग एकमेकांशी जुळलेली असतात म्हणून इतकी कमी होत नाही, पण एका आकड्यावरून भांडण्यापेक्षा कितीतरी बरं.

शुगरचंही तेच, लोक घरचं मशीन आणि लॅबचा रिपोर्ट दोन्ही घेऊन काउंटरवर येतात आणि कोण खोटं विचारतात. घरच्या ग्लुकोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १०० च्या खाली १५ पॉइंट इकडेतिकडे आणि १०० किंवा वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तेसुद्धा ९५ टक्के रीडिंगसाठी. म्हणजे लॅबमध्ये १६० आणि घरच्या मशीनवर १४० किंवा १८० आला तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे लोकांना आधी माहीत असतं तर निम्मी काळजी कमी होईल.

आणि हल्ली ते पॅकेजचं जे चाललंय, एवढ्या रुपयात साठ तपासण्या सत्तर तपासण्या, त्यावर मला बोलायचंच आहे. बहुतेक तपासण्यांची नॉर्मल रेंज अशी ठरवतात की निरोगी लोकांतले ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे व्याख्येनेच निरोगी माणसांतले ५ टक्के रेंजच्या बाहेर. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या तर कमीत कमी एक तरी बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. ६० केल्या तर ९५ टक्के. खऱ्या तपासण्या एकमेकांशी थोड्याफार जोडलेल्या असतात म्हणून आकडा जरा कमी होईल पण दिशा हीच. धडधाकट माणूस पॅकेज करतो, एका ठिकाणी ठळक अक्षरात आकडा येतो, रात्रभर झोप नाही, मग सोनोग्राफी, मग अजून एक तपासणी. तक्रार काहीच नसताना एक आकडा किंचित बाहेर असेल तर पहिलं काम ती एकच तपासणी काही दिवसांनी परत करणं आणि डॉक्टरांना विचारणं, इंटरनेटवर शोधणं नव्हे.

मंगळवेढेकर

लॅबवाल्या भाऊंनी सरासरीचं सांगितलं ते बरोबर हाय पण एक गोष्ट राहिली ती मी शेतातनं सांगतो. सरासरीनं फक्त इकडंतिकडं हलणारी चूक कमी होते. एकाच बाजूला ओढणारी चूक हजार वेळा मोजलं तरी कमी होत नाही.

आमच्याकडं ज्वारीचं पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा मी बघायला उभा असतो. शेतात दोरी टाकून चौकोन आखायचा, बऱ्याच पिकांना १० मीटर बाय ५ मीटर, त्यातलं पीक कापून वजन करायचं आणि त्यावरनं सगळ्या महसूल मंडळाचा उतारा (पिकाचं सरासरी उत्पन्न) काढायचा, विम्याचं पैसं त्यावरच. आता दोरीच्या बरोबर खाली आलेलं ताट आत धरायचं का बाहेर? माणसाचा हात आपोआप आत ओढतो, चांगलं कणीस असलं तर हमखास. चौकोन मोठा असला तर त्यानं फारसा फरक पडत नाही पण छोटा असला की पडतो. १ मीटर बाय १ मीटरच्या चौकोनात एका चौरस मीटरला ४ मीटर कड येते, १० बाय ५ ला ५० चौरस मीटरला ३० मीटर, म्हणजे मीटरला अर्ध्याच्या जरा वर. कड जास्त तितकी आत ओढायची चूक जास्त आणि ती कायम उतारा वाढवूनच दाखवते.

हे शोधून मांडणारा माणूस आपल्याच भागातला, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, वर सरांनी सांगितलेले नेमन पिअर्सन तिथलेच. १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणीवर काम केलं आणि दाखवलं की लहान प्लॉट घेतला तर उत्पन्न फुगून येतं. तेव्हा दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान प्लॉटच्या बाजूचे होते आणि दोघांत मोठा वाद झाला. हे नाव आपल्याकडच्या पोरांना शाळेत सांगत नाहीत याचं वाईट वाटतं.

मग ताई तुमच्या आईचं बघा. दंड जाड असंल आणि पट्टा लहान असंल तर मशीन दर वेळी जास्तच दाखवणार. सात दिवस घ्या नाहीतर सत्तर दिवस घ्या, सरासरी छान स्थिर येणार आणि स्थिर चुकीची येणार. अशी चूक मोजून सापडत नाही, दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तरच सापडते. घरातल्या माणसांबद्दलच्या मताचंही असंच असतं, जावेबद्दल एकदा मत ठरलं की रोजचं निरीक्षण त्याच बाजूला ओढलं जातं आणि वीस वर्षांनी म्हणायचं, वीस वर्षं बघतोय.

पाचवी_ब_च्या_बाई

भाच्याबद्दल मी लिहिते, कारण शाळेत हे इतक्या वेळा बघितलंय की पोटात तुटतं.

ताईंच्या दाजींना जे दिसतंय ते खरं आहे, मार्क खरंच वाढतात. पण ते ओरडण्यामुळे वाढतात असं त्यातून निघत नाही. कुठल्याही मुलाचे मार्क म्हणजे त्याची खरी तयारी अधिक त्या दिवसाचं नशीब, नेमका न वाचलेला धडा आला, आदल्या रात्री ताप होता, शेजारच्या लग्नाचा बँड रात्री बारापर्यंत वाजत होता. एखाद्या चाचणीत मार्क फार खाली गेले तर बहुतेक वेळा तयारी आणि नशीब दोन्ही एकदम वाईट होते. पुढच्या वेळी तयारी तीच असली तरी नशीब परत तितकंच वाईट असण्याची शक्यता कमी, म्हणून मार्क वर येतात. ओरडलात तरी येतात, गप्प बसलात तरी येतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीवर हे दाखवलं, आईवडील सरासरीपेक्षा ३ इंच उंच असतील तर मुलं सरासरीपेक्षा साधारण २ इंचच उंच निघतात. त्याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. मुलगा पहिला आला की आपण कौतुक करतो, पुढच्या वेळी तो तिसरा येतो आणि पालक म्हणतात डोक्यावर चढवून ठेवलं. म्हणजे पालकांना अनुभवातून जे शिकायला मिळतं ते दर वेळी उलटं असतं, मारलं ओरडलं की फायदा, कौतुक केलं की नुकसान. माणसं वाईट नसतात, त्यांना आकडे तसेच दिसतात. मी पालकसभेत हे फळ्यावर काढून दाखवते. एक खेळ सांगते तो दाजींबरोबर करा. दोन फासे टाकायचे. बेरीज ४ किंवा कमी आली तर फाशांना जोरात ओरडायचं, १० किंवा जास्त आली तर शाब्बास म्हणायचं, आणि पुढचा आकडा लिहीत जायचा. थोड्याच वेळात दिसेल की ओरडल्यावर आकडा वाढतो आणि शाब्बासकीने उतरतो. फाशांना कान नाहीत हे सांगावं लागत नाही.

मुलगा सुधारतोय का हे बघायचं असेल तर चार पाच चाचण्यांची रेघ बघा, शेजारशेजारच्या दोन चाचण्या नका बघू.

एक_पुणे_सोलापूर

थोडक्यात लिहितो. दर आठवड्याला सोलापूर पुणे करतो. इंटरव्ह्यूला येणारी आपली पोरं विचारतात हुतात्मा एक्सप्रेस साधारण किती उशिरा पोचते. सरासरी उशीर विचारून उपयोग नाही, सरासरी वीस मिनिटं असली तरी एखाद्या दिवशी दीड तास होतो आणि इंटरव्ह्यू त्याच दिवशी असू शकतो. रोजच्या ऑफिसला सरासरी धरा, एकदाच होणाऱ्या गोष्टीला वाईटात वाईट दिवस धरा आणि आदल्या रात्री जाऊन नातेवाईकांकडे राहा. घरात पाणी भरतानाही आपण सगळे हेच करतो, चार दिवसांनी येतं म्हणून कोणी चार दिवसांचं भरत नाही, सहा दिवसांचं भरतो. म्हणजे पाण्याच्या बाबतीत आख्ख्या सोलापूरला हे शास्त्र येतं, बाकी ठिकाणी आपण ते लावत नाही.

विजापूर_रोड

सगळ्यांचं वाचलं, बीपी आणि मार्क पटलं, स्थळाचं नाही पटलं. नेमन यांचा सगळा विचार दीर्घकाळात किती वेळा चुकेल यावर उभा आहे. लॉट रोज येतात म्हणून शंभरातले पाच चुकले तर चालतात. भावाचं लग्न एकदाच होणार आहे, तिथे शंभरातले पाच म्हणजे काय? आणि मुलीला लॉट म्हणून बघायचं ही कल्पनाच मला नको वाटते. तीसुद्धा समोरून बघतेच आहे ना.

क्यूसीवाली_सोलापूर

विजापूर रोड, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे आणि माझ्या मनातही तेच होतं. मी मुलीला तपासायची भाषा करत नाहीये, आमच्या घरात एका भेटीवर माणसाबद्दल ज्या खात्रीने बोलतात त्या खात्रीबद्दल बोलतेय. मला स्वतःला कोणीतरी असंच एका संध्याकाळवरून नाकारलं असेल तर ते मला चालणार नाही.

बाईंचा फाशांचा खेळ या रविवारी नक्की करणार, ताईला फोटो पाठवला आत्ताच.

निवृत्त_संख्याशास्त्र (जुळे सोलापूर)

विजापूर रोड यांचा आक्षेप हलका नाही, या विषयातले मोठे लोक यावरच आयुष्यभर भांडले. माझं मत सांगतो. लग्न एकदाच होतं पण एकदाच घ्यायचे निर्णय आयुष्यात खूप असतात, नोकरी, घर, ऑपरेशन, कोणाला उसने पैसे द्यायचे. प्रत्येक वेगळा असला तरी आपली निर्णय घ्यायची सवय तीच असते. दीर्घकाळ त्या सवयीचा मोजायचा. एका भेटीवर माणसाला कायमचं ठरवून टाकायची सवय ज्या घरात आहे ते घर फक्त लग्नात नाही, जावई, भाडेकरू, नवा सहकारी, सगळीकडे तेच करतं.

आता स्थळाबद्दल दोन गोष्टी मला ठामपणे म्हणायच्या आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेल्यातलं पाणी आणि आच सगळीकडे सारखी लागलेली असते म्हणून. कांदेपोह्यांच्या संध्याकाळी तसं नसतं. दोन्ही घरची दहा माणसं बघतायत, मुलगी आणि मुलगा दोघं आखडलेले, त्या तासाभरातलं वागणं त्यांच्या वर्षभरातल्या वागण्याचा नमुनाच नाही. मंगळवेढेकरांच्या भाषेत ही एकाच बाजूला ओढणारी चूक आहे, अशाच अजून चार संध्याकाळी केल्या तरी ती जाणार नाही. वेगळ्या प्रकारची भेट पाहिजे, दोघांनाच बोलू द्या, कंबर तलावावर चक्कर मारू द्या, दोघं कामात असताना, थकलेले असताना फोनवर बोलू द्या.

दुसरं, लॅबवाल्यांचं ६४ टक्के इथेही लागतं. घरातली मंडळी समजा दहा गोष्टी बघतात, बोलणं, रंग, स्वयंपाक, नोकरी, उंची, पत्रिका, आणि कुठल्याही एका गोष्टीत खटकलं तरी नको. प्रत्येक गोष्टीत अगदी अनुरूप माणूससुद्धा त्या दिवशी निव्वळ योगायोगाने खटकण्याची शक्यता फक्त १० टक्के धरा. दहाच्या दहा पार करण्याची शक्यता ३५ टक्के उरते. म्हणजे तीन अनुरूप माणसांतली दोन आपण नाकारतो, आणि ती नाकारलेली माणसं परत दिसत नाहीत म्हणून ही चूक घरात कोणाला कधी कळतच नाही. खराब लॉट गेला तर बायरचा ईमेल येतो, चांगला लॉट परत केला तर कारखान्याला निदान माल समोर पडलेला दिसतो. इथे काहीच दिसत नाही. त्यामुळे ज्या दोन किंवा तीन गोष्टींवर भाऊ खरंच तडजोड करणार नाही तेवढ्याच भेटीच्या आधी कागदावर लिहा, भावानेच लिहायच्या, काकांनी नाही. बाकीच्या सात गोष्टींना नकाराचा अधिकार काढून घ्या.

क्यूसीवाली_सोलापूर

सर, हे मी भावाला वाचून दाखवलं, त्याने लगेच कागद घेतला.

लॅबवाले दादा, मंगळवेढेकरांच्या पट्ट्याच्या मुद्द्यावर विचारायचं होतं. आईचा दंड खरंच जाड आहे. मनगटावरचं मशीन घेतलं तर चालेल का? आणि सात दिवस सरासरी काढायची ठरवलं आणि मधेच एखादं रीडिंग फार मोठं आलं तर सरासरीची वाट बघायची का?

लॅबवाला_सातरस्ता

मनगटाचं शक्यतो नको, हात छातीच्या उंचीला नीट धरला नाही की आकडा बदलतो आणि घरी ते दर वेळी सांभाळलं जात नाही. दंडाचंच ठेवा, फक्त मोठा पट्टा मिळतो तो घ्या. दंडाच्या मधोमध शिंप्याच्या टेपने घेर मोजा आणि पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये रेंज छापलेली असते त्यात तो बसतोय का बघा. मग पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मशीन बरोबर न्या, एकाच बैठकीत त्यांच्या मशीनवर आणि तुमच्या मशीनवर आळीपाळीने दोन तीन वेळा घ्या. फरक कायम एकाच बाजूला येत असेल तर पट्टा किंवा मशीन बदला.

आणि मोठ्या रीडिंगबद्दल विचारलंत हे फार बरं केलंत, कारण सरासरीचा नियम तिथे संपतो. वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा १२० च्या वर आला तर शांत बसवून पाच मिनिटांनी परत घ्या. परत तितकाच आला तर काही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि बरोबर छातीत दुखणं, धाप, एका बाजूला हातापायात शक्ती नसणं, बोलताना जीभ अडखळणं, दिसायला अंधुक, यातलं काहीही असेल तर दुसरं रीडिंगसुद्धा घेत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा रिक्षात घालून सरळ मोठ्या दवाखान्यात. तिथे काही नाही म्हणून परत पाठवलं तर एक संध्याकाळ आणि थोडे पैसे गेले. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या डब्यात ठेवा, आणि बाबांना, भावाला, आईला तिघांनाही आधी वाचायला लावा.